पासवर्ड आपला, वही दुसऱ्याची

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण वाचा. कुठल्या पक्षाची नाही, त्यामुळे कमेंटमध्ये भांडायला फारसा वाव नाही. पण तुमच्या-माझ्या घरातली आहे.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतली एक मुलगी संध्याकाळच्या वेळी घरी आली. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडील मार्केट यार्डात हमाली करतात. चेहरा उतरलेला. "काका, तुम्ही बँकेत होता ना, तुम्हाला पोर्टलचं काय कळतं का?" म्हटलं बस आधी, पाणी पी, मग सांग.

झालं होतं असं. शिष्यवृत्तीच्या अर्जाचं नूतनीकरण करायचं होतं. मागच्या वर्षी अर्ज भरला तो एका नेट कॅफेत. युजर आयडी, पासवर्ड सगळं कॅफेवाल्या दादाने तयार केलं आणि स्वतःच्या वहीत लिहून ठेवलं. हिला म्हणाला, "तू कशाला टेन्शन घेतेस, पुढच्या वर्षी ये, वहीत आहे." यंदा ही गेली तर शटर खाली. दादा दुकान बंद करून पुण्याला नोकरीला गेलेला. फोन लागला, माणूस चांगला, पण म्हणाला, "ताई, त्या वह्या रद्दीत गेल्या बघ."

बरं, पासवर्ड विसरला तर नवीन करता येतो की! येतो, पण त्याचा ओटीपी नोंदवलेल्या मोबाईलवर जातो. आणि नोंदवलेला मोबाईल कोणाचा? दादाचाच. त्या दिवशी हिच्या वडिलांच्या फोनचा रिचार्ज संपला होता, म्हणून त्याने दुकानातला नंबर टाकला. तो नंबरही आता बंद. ईमेल? तोही दादानेच काढून दिलेला, पासवर्ड त्याच वहीत. आधारवरून करावं म्हटलं तर आधारला जोडलेला नंबर वडिलांचा जुना, तो कधीच गेला. म्हणजे दार एक, कुलपं चार, आणि एकाही कुलपाची किल्ली त्या घरात नाही.

मग आधार केंद्रावर रांग, नंबर बदलणं, तो बदल होईपर्यंत वाट बघणं, पुन्हा ओटीपी, पुन्हा सर्व्हर डाऊन. कॉलेजमधल्या एका क्लार्क बाईंनी मनापासून मदत केली म्हणून अर्ज गेला, तोही शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री. त्या दोन-अडीच आठवड्यांत त्या घरात एकच चर्चा होती : फी भरायला नाही जमलं तर पोरीचं वर्ष जाणार का?

एका पासवर्डसाठी.

हे सगळं होईपर्यंत मला वाटायचं की पासवर्ड हा शिकल्या-सवरल्या, शहरातल्या, कॉम्प्युटरवाल्या लोकांचा विषय. तसं नाहीये. सगळ्यात जास्त फटका बसतो तो ज्याला स्वतःचा पासवर्ड माहीतच नाही त्याला.

ती फुलस्केप वही

आपल्या बार्शीत एसटी स्टँडच्या आसपास फिरा, तहसीलच्या रस्त्याला जा, कुठल्याही नेट कॅफेत किंवा सेवा केंद्रात टेबलाकडे बघा. एक जाड फुलस्केप वही दिसेल. नाव, मोबाईल नंबर, आधार नंबर, युजर आयडी, पासवर्ड. पानंच्या पानं. पासवर्ड बहुतेक एकाच साच्यातले : नाव, मग अ‍ॅट द रेट, मग १२३. अख्ख्या पेठेच्या किल्ल्या एका दोऱ्यात ओवून टेबलावर ठेवलेल्या, आणि वही उघडी टाकून माणूस चहाला गेलेला.

मी त्या कॅफेवाल्यांना शिव्या घालायला बसलेलो नाही, हे आधीच सांगतो. लाडक्या बहिणीची ई-केवायसी असो, अकरावीचा प्रवेश असो की पीक विम्याची शेवटची तारीख, रात्री बारा-बारा वाजेपर्यंत तीच पोरं बसलेली असतात. लोक पासवर्ड विसरतात, परत येऊन त्यांच्याच डोक्यावर बसतात, म्हणून ते लिहून ठेवतात. सोय म्हणून सुरू झालेली गोष्ट आहे ती.

पण सोय झाली म्हणून जोखीम कमी होत नाही. मी तीस वर्षं बँकेत काढली. लॉकरचं काम ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे, लॉकर उघडायला दोन किल्ल्या लागतात. एक बँकेची, एक गिऱ्हाईकाची. गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असलं, म्हातारं असलं, "साहेब, तुमच्याकडेच राहू द्या किल्ली, मी हरवीन" म्हणालं, तरी आम्ही ती ठेवून घ्यायची नाही. विश्वास नव्हता म्हणून नाही. उद्या काही झालं तर दोघंही अडचणीत येतात म्हणून.

आणि कायदा काय म्हणतो तेही बघा. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, ऑनलाइन व्यवहारात फसवणूक झाली तर नुकसान कोणी सोसायचं याबद्दल. चूक बँकेची असेल तर बँकेने. चूक दोघांचीही नसेल आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तरी तुमच्यावर भार नाही. पण तुम्ही स्वतःच पिन, पासवर्ड कोणाला देऊन बसला असाल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं. म्हणजे कॅफेतल्या वहीत नेटबँकिंगचा पासवर्ड लिहून दिला आणि पैसे गेले, तर पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला जाणार.

दुसऱ्या बाजूला, दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. म्हणजे वही चोरीला गेली किंवा दुकानातल्या कामाच्या पोराने काही उद्योग केला, तर मालकाच्याही मागे चौकशी लागणार. वही कोणाच्याच फायद्याची नाही.

एका घरात किती किल्ल्या?

परवा मी आणि बायको कागद-पेन घेऊन बसलो. आमचं घर म्हणजे दोन म्हातारी माणसं. मोजायला लागलो. दोन बँका, पेन्शन, इन्कम टॅक्स, महावितरण, गॅस, रेल्वेचं तिकीट, डिजिलॉकर, दोघांचे ईमेल, फेसबुक, शेअरचं डीमॅट, विमा, मुलाने घेऊन दिलेलं सिनेमाचं ते अ‍ॅप, औषधं मागवायचं अ‍ॅप. एकवीस झाले तेव्हा बायको म्हणाली, "पुरे, भाजी करपेल."

यातल्या किती आपण हौसेने घेतल्या? चार-पाच. बाकीच्या आपल्या गळ्यात पडल्यात. पूर्वी खिडकी होती. खिडकीपलीकडे माणूस होता. तो खेकसायचा, "उद्या या" म्हणायचा, पण नाव सांगितलं की खातं सापडायचं. आता खिडकी गेली आणि तिच्या जागी पासवर्ड आला. खिडकी काढणाऱ्यांनी कोणाला विचारलं नाही की बाबांनो, हे एकवीस पासवर्ड तुम्ही ठेवणार कुठे?

विचारलं नाही ते नाहीच, वर उपदेश केले. कुठेही लिहू नका. प्रत्येक ठिकाणी वेगळा ठेवा. एक अक्षर मोठं, एक लहान, एक आकडा, एक खूण घाला. दर तीन महिन्यांनी बदला. आणि लक्षात ठेवा! अहो, ज्याला हे सगळं जमतं तो माणूस आहे की पंचांग?

नियम करणाऱ्यालाच पश्चात्ताप झाला

हा मोठं अक्षर, आकडा, खूण आणि दर थोड्या दिवसांनी बदलण्याचा नियम आला कुठून? अमेरिकेत निस्ट नावाची सरकारी संस्था आहे, मोजमापं आणि मानकं ठरवणारी. तिथल्या बिल बर या अधिकाऱ्याने २००३ साली एक मार्गदर्शिका लिहिली. जगभरातल्या कंपन्यांनी, बँकांनी, सरकारांनी ती उचलली. पुढे २०१७ साली, निवृत्त झाल्यावर, याच गृहस्थांनी वॉल स्ट्रीट जर्नलला मोकळेपणाने सांगितलं की आपण तेव्हा केलं त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी निस्टने मार्गदर्शिका बदलली. उगाच दर काही दिवसांनी पासवर्ड बदलायला लावू नका, फुटल्याचा संशय असेल तरच बदलायला लावा. चिन्हांची सक्ती करू नका. लांबी वाढवू द्या.

कारण साधं आहे. सक्ती केली की माणूस पळवाट काढतो, आणि सगळे एकच पळवाट काढतात. "बार्शी" चालत नाही? मग पहिलं अक्षर मोठं करा, शेवटी अ‍ॅट द रेट १२३ लावा. तीन महिन्यांनी बदला म्हणाले? १२४ करा. चोराला हा साचा आपल्याआधी पाठ असतो. त्याचं यंत्र सगळ्यात आधी हेच करून बघतं.

२००९ साली रॉकयू नावाच्या एका अमेरिकी कंपनीचे तीन कोटींहून जास्त पासवर्ड फुटले. कंपनीने ते कुलूप न लावता, जसेच्या तसे साठवले होते. त्यात सगळ्यात जास्त लोकांचा पासवर्ड कोणता निघाला? १२३४५६. माणूस इथून तिथून सारखाच हो.

खरा धोका यापुढचा आहे. एका ठिकाणचे पासवर्ड फुटले की चोर तोच ईमेल, तोच पासवर्ड घेऊन शंभर दारं ठोठावतात. तुम्ही कुठल्याशा फालतू गेमच्या अ‍ॅपला दिलेला पासवर्ड जर ईमेललाही असेल, तर तुमचा ईमेल गेला. आणि ईमेल गेला की बाकीच्या पासवर्डच्या "विसरलात का?" वाल्या चिठ्ठ्या तिथेच येतात. म्हणून एकवीस ठिकाणी एकच पासवर्ड ही वहीपेक्षा मोठी चूक आहे.

माझं मत : लिहा. पण आपल्या घरात लिहा.

बँकेत असताना मी हजार वेळा लोकांना सांगितलं, "पासवर्ड लिहून ठेवू नका." आज मी ते वाक्य मागे घेतो.

लिहा. नीट वहीत लिहा. वही आपल्या घरात ठेवा.

आता तुम्ही म्हणाल, आणि वही चोरीला गेली तर? विचार करा, आपले पासवर्ड चोरतं कोण? बहुतेक वेळा दूर कुठेतरी बसलेला माणूस, ज्याने बार्शी नकाशावरसुद्धा पाहिलेली नाही. त्याचा हात तुमच्या ईमेलपर्यंत पोहोचतो, पण तुमच्या कपाटातल्या साड्यांच्या घडीखाली पोहोचत नाही. ब्रूस श्नायर म्हणून अमेरिकेतले जाणते सुरक्षातज्ज्ञ आहेत, त्यांनी २००५ सालीच हे सांगितलं होतं. चांगला, अवघड पासवर्ड ठेवा, कागदावर लिहा आणि पाकिटात ठेवा. कारण महत्त्वाचे छोटे कागद जपायची माणसाला जुनी सवय आहे.

आपल्याला तर आहेच. सातबारा जपतो, रेशनकार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपतो, आजोबांच्या काळातली फेरफाराची नक्कल जपतो. एक वही जपायला काय जड आहे?

आमच्या घरात आता अशी वही आहे. कशी केली ते सांगतो, पटलं तर घ्या.

एक. साधी दोनशे पानी वही. वर "पासवर्ड" असं मोठ्या अक्षरात लिहायचं नाही. आमच्या वहीवर "दिवाळी फराळ हिशेब" लिहिलंय. बायकोची कल्पना.

दोन. एका खात्याला एक पान. त्यावर खात्याचं नाव, युजर आयडी, कोणता मोबाईल नोंदवलाय, कोणता ईमेल नोंदवलाय, पासवर्ड, आणि तारीख. मोबाईल आणि ईमेलची ओळ विसरू नका. त्या मुलीचं घोडं तिथेच अडलं होतं. पासवर्ड पेन्सिलने लिहा, बदलला की खोडता येतो.

तीन. महत्त्वाच्या खात्यांचे पासवर्ड अर्धेच लिहा. म्हणजे असं, शेवटी एक शब्द असा लावायचा जो फक्त तुम्हाला माहीत, वहीत कुठेच नाही. वही कोणाच्या हाती लागली तरी त्या पासवर्डने दार उघडत नाही.

चार. एटीएमचा पिन आणि यूपीआयचा पिन वहीत लिहायचा नाही. हे दोन-तीनच असतात, रोज वापरात असतात, डोक्यात राहतात. आणि कार्डाच्या पाकिटावर पिन लिहिणाऱ्यांना मी तीस वर्षं हात जोडले, आज एकदा पुन्हा जोडतो.

पाच. पासवर्ड लांब ठेवा. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडा. पाटा, चिंच, सायकल, उंबरा असे काहीतरी, इंग्रजी अक्षरांत टाइप करून. नेमके हेच नकोत, ते आता फेसबुकवर आले. नातवाचं नाव, लग्नाची तारीख, गाडीचा नंबर, हे तर नकोच. ते अख्ख्या गल्लीला माहीत असतं.

आता कुठे लिहायचं नाही तेही ऐका. मोबाईलच्या कॉन्टॅक्टमध्ये "एटीएम मामा" नावाने नंबर म्हणून पिन सेव्ह करणारे लोक मी पाहिलेत. हसू नका, तुमच्यातच दोन-चार असतील. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवून ठेवणं, वहीच्या पानाचा फोटो गॅलरीत ठेवणं, हेही नको. किती अ‍ॅपना आपण गॅलरीची परवानगी देऊन बसलोय, आठवतं का? आणि कॅफेतल्या कॉम्प्युटरवर "पासवर्ड सेव्ह करू का?" असं विचारलं तर नाही म्हणा. ते कॉम्प्युटर तुमचं नाही. काम झालं की लॉग आउट करूनच उठा.

तरुण मंडळींसाठी

वही ही आमच्यासारख्यांची सोय. तुम्हाला वही नको असेल तर पासवर्ड मॅनेजर वापरा. ही एक डिजिटल तिजोरी असते. आत सगळे पासवर्ड, प्रत्येक वेगळा, तीच बनवून देते. तुम्ही फक्त तिजोरीचा एक मोठा पासवर्ड लक्षात ठेवायचा. अँड्रॉइड फोनवर गूगलची, आयफोनवर अ‍ॅपलची तिजोरी आधीच असते. वेगळी हवी असेल तर बिटवॉर्डन फुकट मिळतं, कीपास फुकट आहे आणि आपल्याच कॉम्प्युटरवर राहतं.

यातही धोका शून्य आहे असं मी सांगणार नाही. २०२२ साली लास्टपास नावाच्या नावाजलेल्या कंपनीकडून गिऱ्हाइकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. तिजोऱ्या कुलूपबंद होत्या, पण ज्यांचा मुख्य पासवर्ड लेचापेचा, त्यांचं कुलूप फोडायला चोरांना सवडच सवड. म्हणून तिजोरीचा पासवर्ड दणकट हवा, आणि तो एक कागदावर लिहून घरी ठेवा. शेवटी फिरून आपण कागदावरच आलो बघा.

शक्य तिथे दुसरं कुलूपही लावा, ज्याला टू-स्टेप म्हणतात ते. निदान ईमेलला तरी आजच. ईमेल आणि मोबाईल नंबर या दोन मायकिल्ल्या आहेत, बाकीच्या सगळ्या किल्ल्या त्यांच्यातून निघतात. जुना नंबर बंद करायच्या आधी बँक, आधार, ईमेल, पेन्शन सगळीकडे नवा नंबर चढवा. बंद झालेला नंबर निदान ९० दिवस कोणाला देत नाहीत, पण त्यानंतर तो दुसऱ्याला मिळू शकतो. म्हणजे तुमच्या बँकेचा मेसेज तिसऱ्याच माणसाच्या फोनवर वाजणार.

दोन नाजूक गोष्टी

पहिली बायकांबद्दल. आपल्याकडे बऱ्याच घरांत बाईच्या नावाचं खातं असतं, पण त्याला नंबर नवऱ्याचा किंवा पोराचा. पैसे तिच्या खात्यात येतात, मेसेज त्यांच्या फोनवर. "तिला काय कळतंय" हे वाक्य मी काउंटरवर इतक्यांदा ऐकलंय! आणि तीच बाई बचत गटाचा हिशेब पैशाची चूक न करता ठेवायची. तिचं खातं असेल तर नंबर तिचा, पासवर्ड तिचा, आणि वहीतलं पान तिच्या हातचं. वही घराची असली तरी प्रत्येकाचं पान घरात सगळ्यांनी वाचायलाच हवं असं नाही. ज्या घरात वाद आहेत, तिथे तिने वही वेगळी ठेवावी, माहेरी ठेवावी, तिला सुरक्षित वाटेल तिथे ठेवावी. यात चोरटेपणा काही नाही.

दुसरी मरणाबद्दल. अशुभ बोलतो म्हणू नका. आमचे एक शेजारी गेल्या वर्षी अचानक गेले. सगळे व्यवहार त्यांच्या फोनवर. काकूंना फोनचं लॉकसुद्धा माहीत नव्हतं. कुठल्या बँकेत खातं, विमा कुठला, ठेव आहे की मोडली, काहीच पत्ता नाही. दहाव्यापासून वर्षश्राद्धापर्यंत त्या माउलीने कागद शोधले.

म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर फक्त यादी करा. कुठे कुठे खाती आहेत, विमा कुठे, नॉमिनी कोण. पासवर्ड नसला तरी चालेल. गेलेल्या माणसाचा पासवर्ड टाकून पैसे काढणं बरोबर नाही, त्यातून भाऊबंदकी आणि कोर्टकचेरी सुरू होते. खातेदार गेल्याचं बँकेला कळवायचं आणि नॉमिनीने रीतसर दावा करायचा. पण दावा करायला खातं आहे हे तर कळायला हवं! वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या ठेवी शोधायला रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये उद्गम नावाचं पोर्टल काढलं, त्यावर नाव टाकून बघता येतं. पोर्टल काढायची वेळ आली, यावरूनच ओळखा किती घरांत शेवटचं पान कोरं आहे.

आता मागण्या

सगळं आपणच करायचं आणि व्यवस्थेने हात वर करायचे, हे मला मान्य नाही. पासवर्ड सांभाळणं आपलं काम आहे, पण ते सांभाळता येईल अशी व्यवस्था देणं त्यांचं काम आहे. म्हणून काही साध्या मागण्या. नगरपालिकेतले, तहसीलमधले, कॉलेजातले बरेच जण ही पोस्ट वाचतात हे मला माहीत आहे.

सेवा केंद्रांना आणि कॅफेवाल्यांना स्पष्ट सूचना द्या. नागरिकाचा पासवर्ड वहीत ठेवायचा नाही. अर्ज भरून झाला की छापील चिठ्ठी त्याच्या हातात द्यायची : युजर आयडी, नोंदवलेला मोबाईल, नोंदवलेला ईमेल. पासवर्ड त्याने स्वतः टाइप करायचा, नाही जमलं तर त्याच्यासमोर टाकून त्याच्याच कागदावर लिहून द्यायचा. दुकानाचा नंबर कोणाच्याही अर्जात टाकायचा नाही. रिचार्ज संपला असेल तर "उद्या या" म्हणा, तेवढं पुण्य करा.

ज्याचा नंबर आणि पासवर्ड दोन्ही गेलंय, त्याच्यासाठी तालुक्याला एक खिडकी ठेवा. आधार कार्ड आणि माणूस समोर उभा आहे, तर त्याचं खातं त्याला परत मिळायला दोन-अडीच आठवडे लागू नयेत. आणि शेवटची तारीख त्या मधल्या काळात उलटली तर ती त्याची चूक धरू नये. सेवा वेळेत मिळणं हा आपला हक्क आहे, असं २०१५ चा महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क कायदा सांगतो. लॉगिनच होत नसेल तर त्या हक्काचं लोणचं घालायचं का?

पोर्टल बनवणाऱ्यांनी "पासवर्डमध्ये किमान एक स्पेशल कॅरेक्टर आवश्यक" हे मराठीत, माणसाला कळेल असं लिहावं. त्याहून चांगलं म्हणजे सक्ती काढावी आणि लांब पासवर्ड चालू द्यावा.

आणि शेवटची मागणी आपल्याच मंडळींना. गणेशोत्सवात मंडळं रक्तदान शिबिर घेतात, नेत्रतपासणी घेतात. यंदा एखाद्या मंडळाने "आपली वही आपल्या घरी" असा एक दिवस घ्यावा. कॉलेजची पोरं-पोरी बसवा. लोकांनी आपापला फोन आणावा, ईमेल आणि आधारला कोणता नंबर आहे ते तपासून घ्यावं, टू-स्टेप लावून घ्यावं, आणि एक कोरी वही घेऊन घरी जावं. वहीत पासवर्ड मात्र घरी जाऊनच लिहायचे, शिबिरात कोणीही विचारायचे नाहीत, कोणीही सांगायचे नाहीत. वह्यांचा खर्च माझ्याकडे लागला, पहिल्या शंभर.

भगवंताच्या देवळात चप्पल ठेवताना आपण दोनदा मागे वळून बघतो. पेन्शन, पोरीची शिष्यवृत्ती, आयुष्यभराची ठेव याच्या किल्ल्या कुठे ठेवल्यात हे एकदा तरी वळून बघूया.

ती मुलगी परवा पुन्हा आली होती, पेढे घेऊन. अर्ज मंजूर झालाय. जाताना पिशवीतून वही काढून दाखवली. सगळी पानं तिच्या अक्षरात. नंबर तिचा, ईमेल तिचा. वडिलांच्या नावाचंही एक पान केलंय, आणि त्यांना बोलून बोलून पासवर्ड स्वतः टाइप करायला शिकवलाय. म्हणाली, "पप्पांना अर्धा तास लागला काका, पण त्यांनी स्वतः टाकला."

तर आज रात्री जेवणं झाली की टीव्ही अर्धा तास बंद ठेवा आणि वही घेऊन बसा. फसवणूक झालीच असेल तर लाजू नका, लगेच १९३० वर फोन लावा, बँकेला कळवा. जितका उशीर तितके पैसे लांब जातात.

तुमच्याकडे असे अनुभव असतील तर कमेंटमध्ये लिहा. अनुभव लिहा म्हणतोय, पासवर्ड नाही. आपल्या गावाचा काही भरवसा नाही, म्हणून सांगितलं.